दाताच्या डॉक्टरची डिग्री : बीडीएसनंतर पुन्हा प्रवेश कशाला?

"डॉक्टर, मुलीचं बीडीएस झालं. आता अमेरिकेत आधी कुठलं मास्टर्स करू दे, म्हणजे तिला तिथल्या डेंटल कॉलेजात प्रवेश मिळेल?" पनवेलमध्ये दवाखान्यात हा प्रश्न आता वरचेवर येतो. विचारणारे बहुतेक वेळा वडील असतात, स्वतःची दाढ दाखवायला आलेले. बाहेर बसलेल्या पेशंटला मात्र कोडं पडतं. पाच वर्षं शिकून दाताची डॉक्टर झालेल्या मुलीला पुन्हा दाताच्याच कॉलेजात प्रवेश कशाला हवा? आणि मध्येच ही आणखी एक डिग्री कसली? याचं उत्तर नियमांच्या पुस्तकापेक्षा इतिहासात लवकर सापडतं.

धंद्याची विद्या झाली

दात काढणं हे पूर्वी जगभर हातकामच होतं. बाजारात, जत्रेत चिमटा घेऊन बसणारा माणूस ते करी, आणि शिकायचं ते उस्तादाच्या हाताखाली. १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोर इथे दंतवैद्यकाचं जगातलं पहिलं स्वतंत्र कॉलेज निघालं. डीडीएस ही पदवी तिथली. १८६७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने स्वतःची दंतशाखा काढली.

तरीही अनेक कॉलेजं नफ्यासाठी चालत होती. कोलंबिया विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ विल्यम गीज यांनी या कॉलेजांची पाहणी केली आणि १९२६ मध्ये कार्नेगी फाउंडेशनसाठी अहवाल लिहिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: दंतवैद्यक वैद्यकाच्या बरोबरीचं आहे, ते विद्यापीठातच शिकवा, आणि त्याआधी विद्यार्थ्याला निदान दोन वर्षं कॉलेजात विज्ञान शिकू द्या.

अमेरिकेची वाट तिथून पक्की होत गेली. आज तिथे साधारण चार वर्षं कॉलेज आणि मग चार वर्षं डेंटल स्कूल असा क्रम असतो. कॉलेजात गुण कमी पडले, तर विद्यार्थी एक-दोन वर्षांचं जीवशास्त्राचं मास्टर्स करतो आणि "अवघड अभ्यास मला झेपतो" हे दाखवून देतो. 'आधी मास्टर्स' ही कल्पना मुळात त्यांच्यासाठीची आहे.

आयोवाहून कोलकात्याला

आपल्याकडची सुरुवात अमेरिकेत शिकलेल्या माणसानेच केली. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९१५ मध्ये आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेतली. ते भारतात परतले आणि १९२० मध्ये त्यांनी कोलकात्यात देशातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं, तेही पदरच्या पैशाने. २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपल्याकडे राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळतात. मुंबईत १९३३ मध्ये नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय सुरू झालं. पनवेलच्या मुलांना दंतवैद्यक शिकायचं तर पुढे कितीतरी वर्षं मुंबईच गाठावी लागे. आता कामोठे आणि खारघर इथे, म्हणजे पनवेलच्याच हद्दीत, डेंटल कॉलेजं आहेत.

१९४८ मध्ये दंतवैद्यक कायदा आला आणि पुढच्या वर्षी भारतीय दंत परिषद स्थापन झाली. या कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले. 'अ' भागात पदवीधर आणि 'ब' भागात पदवी नसलेले, पण वर्षानुवर्षं हेच काम करून पोट भरणारे. पदवीशिवाय दारं उघडी होती ती एवढीच, आणि तीही हळूहळू बंद झाली. आपल्या दाताच्या डॉक्टरच्या भिंतीवर नोंदणी प्रमाणपत्र दिसतं, त्याचं मूळ हे आहे.

आपण मात्र अमेरिकेची 'आधी कॉलेज' ही पायरी घेतली नाही. आपल्याकडे बारावीनंतर थेट बीडीएस: चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. बारावीला बसणारं मूल बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी डॉक्टरकीला लागतं. ही वाट कमी दर्जाची नाही, वेगळी आहे. पण या वेगळेपणामुळेच परवाना समुद्र ओलांडत नाही.

दोन वाटांमधली फट

अमेरिकेत दाताचा परवाना प्रत्येक राज्य देतं, आणि बहुतेक राज्यांना तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजचं शिक्षण लागतं. म्हणून आपल्या बीडीएस झालेल्यांसाठी तिथे दोन-तीन वर्षांचा खास अभ्यासक्रम असतो. त्याच्या शेवटी डीडीएस किंवा डीएमडी मिळते. नावं दोन, योग्यता एकच. जागा थोड्या आणि अर्ज खूप. त्यामुळे 'आधी मास्टर्स' ही तिथल्या विद्यार्थ्यांची पायरी आपल्या मुलांनीही उचलली.

आता खरा प्रश्न : कोणतं मास्टर्स?

पब्लिक हेल्थचं मास्टर्स, म्हणजे एमपीएच, सगळ्यात जास्त घेतलं जातं. ते खरं ज्ञान आहे. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहराने दात किडू नयेत म्हणून पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली. आपल्या यवतमाळ, चंद्रपूर भागात काही गावांच्या पाण्यात तेच फ्लोराइड इतकं जास्त आहे की दातांवर डाग पडतात. ड्रिलिंग मशीन हातात घेऊन हा प्रश्न सुटत नाही, तो आकडे आणि धोरण समजणाऱ्याने सोडवायचा असतो. याची आवड असेल तर एमपीएच जरूर करा. दुसरा पर्याय मुखजीवशास्त्र किंवा तत्सम विषयातलं संशोधनाचं मास्टर्स. त्यात जवळून काम पाहिलेल्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र मिळू शकतं, आणि अर्जात त्याला वजन असतं.

पण दोन्हींची एक मर्यादा घरच्यांनी समजून घ्यावी. या डिग्रीने पेशंटला हात लावायचा परवाना मिळत नाही, आणि प्रवेशाची हमीही नाही. दोन वर्षं मशीन हातात नसेल तर हाताची सवय मोडते. बऱ्याच कॉलेजांत प्रवेशाच्या वेळी कृत्रिम दातांवर काम करून दाखवावं लागतं. तिथे नेमका हातच अडतो.

म्हणून कर्ज काढण्याआधी चार गोष्टी विचारा. डेंटलला प्रवेश मिळालाच नाही, तरी या डिग्रीवर काम मिळेल का? अर्जात नेमकं काय कमी आहे : गुण, शिफारस, अनुभव की आयएनबीडीई ही राष्ट्रीय परीक्षा? हे मास्टर्स तीच उणीव भरतं का? आणि मास्टर्सची फी आणि नंतरच्या डीडीएसची फी, दोन्हींची बेरीज घराला झेपते का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर ती डिग्री म्हणजे महागडी वेटिंग रूम आहे. त्यापेक्षा इथेच एखाद्या चांगल्या दवाखान्यात वर्षभर पेशंट बघत परीक्षा देणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं.

डॉ. अहमद अमेरिकेतून पदवी घेऊन आले आणि इथे कॉलेज उभं राहिलं. आपली मुलं आज उलट दिशेने निघाली आहेत, त्यात वावगं काही नाही. पण दोन्ही देशांतले नियम झाले ते पेशंटसाठी : खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या माणसाला समोरच्या हातावर विश्वास ठेवता यावा म्हणून. तो हात ज्या शिक्षणाने चांगला होईल, किंवा त्या हाताला जे काम खरंच आवडेल, त्यावर वर्षं खर्च करा.