ब्रह्मांडाचा घेर आणि भास्कराचार्यांची सावधगिरी



भिवंडीस शाळेंत भूगोल शिकवीत असतांना एका मुलानें मला विचारलें, "गुरुजी, पृथ्वी मोठी कीं लहान?" मीं पृथ्वीच्या गोलावर हात ठेवून व्यास सांगितला, १२,७४२ किलोमीटर, आणि पुढच्या धड्याकडे वळलों. मुलगा खालीं बसला; पण त्याचें समाधान झालें नव्हतें. मोठी कीं लहान तें कशाच्या मानानें, हें सांगणें माझें काम होतें व तें मीं टाळलें. सेवानिवृत्त झाल्यावर या विषयाचीं पुस्तकें चाळूं लागलों, त्याचें खरें कारण हेंच.

भास्कराचार्यांनीं आपला 'सिद्धान्तशिरोमणि' इसवी सन ११५० मध्यें रचिला. त्यांच्या मतें पृथ्वी निराधार असून विश्वाच्या मध्यभागीं आहे. तिला आधार मानला तर त्या आधारास दुसरा आधार हवा, त्यास तिसरा. मग शेवटीं कोणी तरी स्वशक्तीनेंच राहतो असें म्हणावें लागणार, तर तें पृथ्वीविषयींच कां म्हणूं नये? असा त्यांचा रोखठोक सवाल आहे. पुढें आकाशकक्षेचा घेर येतो. हा आंकडा सतरा अंकी योजनांचा आहे! कित्येक लोक यालाच ब्रह्मांडाचा परीघ मानीत. आचार्य मात्र बजावतात कीं, ब्रह्मांड एवढें असो वा नसो, एका कल्पांत प्रत्येक ग्रह इतकीं योजनें चालतो एवढेंच आमचें म्हणणें. सर्व ग्रह सारख्याच वेगानें चालतात हें त्यामागचें गृहीत पुढें खोटें ठरलें, आणि पृथ्वीचें मध्यस्थानही गेलें. तरीपण आपल्या गणिताची हद्द इतक्या स्वच्छपणें सांगणारा ग्रंथकार विरळा.

हा सारा इतिहास मराठींत प्रथम सविस्तर मांडला तो शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) यांनीं. हेही शाळामास्तरच, कांहीं काळ आमच्या शेजारीं ठाण्यास होते. त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ सालीं निघाला. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तरास त्याचा अभिमान वाटतो, हें कबूल केलेलें बरें.

आतां त्या मुलाचें उत्तर. सूर्याच्या अंगांत पृथ्वीसारखे सुमारें तेरा लक्ष गोल मावतील. हा सूर्य आकाशगंगेच्या मध्यापासून सुमारें २६,००० प्रकाशवर्षें दूर, म्हणजे गांवकुसाबाहेर नव्हे, पण चावडीपासून बराच लांब. अशा दीर्घिका असंख्य. पुण्याच्या आयुका संस्थेंतील व त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं दीर्घिकांचा एक महासमूह शोधल्याचें जाहीर केलें. त्यास 'सरस्वती' हें नांव दिलें. त्याचा विस्तार सुमारें ६० कोटी प्रकाशवर्षें. त्याचा जो प्रकाश दुर्बिणींत टिपला गेला, तो ३०० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं निघालेला होता. त्या वेळीं पृथ्वीवर सूक्ष्म जीवांपलीकडे कांहींही नव्हतें.