चौदा सुयांचा इतिहास



गुलमंडीच्या चौकात कोणाही साठी उलटलेल्या गृहस्थाला थांबवून ‘कुत्रे चावले तर काय करावे?’ असे विचारा. त्याचा हात आधी पोटाकडे जाईल आणि मग तो म्हणेल, ‘चौदा सुया!’ या दोन शब्दांत आपल्या दोन-तीन पिढ्यांचे भय साठलेले आहे. पिसाळलेल्या कुत्र्याइतकीच लोकांना त्या सुयांची धास्ती वाटे. ती निव्वळ अडाणीपणाची होती, असे आपण शिकलेली माणसे सहज म्हणून जातो. माझे आजचे सांगणे असे की, त्या भीतीत सत्याचा एक अंश होता. आणि त्या अंशाचा शोध घेता घेताच मेंदू व शरीराची रोगप्रतिकारशक्ती यांचे नाते शास्त्रज्ञांना उलगडत गेले.

आरंभ पॅरिसमध्ये होतो. 6 जुलै 1885 रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळीची लस टोचण्यात आली. मुलगा वाचला. ही लस कशाची होती? रोगाने मेलेल्या सशाचा पृष्ठरज्जू हवेत वाळवून त्याची ती केलेली होती. पिसाळीचे विष मज्जातंतूंतून सरकत मेंदूत जाते आणि तेथेच भरभराटते. ते वाढविण्याची दुसरी जागा त्या काळी ठाऊक नव्हती. म्हणून लस हवी तर मेंदू किंवा पृष्ठरज्जू टोचावाच लागे. पुढच्या सगळ्या कथेचे मूळ या एका अडचणीत आहे.

हिंदुस्थानात ही विद्या 1900 साली कसौलीला आली. तोवर चावा घेतलेल्या गोऱ्या सैनिकांना थेट पॅरिसला पाठवीत. एतद्देशीय माणसाला वैदू आणि देव यांच्याखेरीज आधार नव्हता. कसौली सिमल्याच्या वाटेवर. निजामाच्या राज्यातील औरंगाबादच्या माणसाने तेथे जायचे ठरविले, तर लहान रुळांच्या गाडीने मनमाड, तेथून मोठ्या गाडीने उत्तरेकडे, कालक्याहून पुढे डोंगर, असा तो प्रवास. दिवस मोजण्याच्या रोगात वाटेतच किती दिवस जात, याचा विचार करावा. पुढे हेन्री फिप्स या अमेरिकन धनिकाच्या देणगीचा हातभार लागून 1907 साली दक्षिणेत कुन्नूरला दुसरी संस्था निघाली, आणि कालांतराने मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्थेतही ही लस तयार होऊ लागली.

कसौलीच्या संस्थेचे पहिले संचालक होते डेव्हिड सेम्पल. पाश्चर यांच्या पद्धतीत जिवंत विषाणू टोचला जाई, ही भीती होतीच. सेम्पल यांनी फिनॉल वापरून तो मारला आणि 1911 साली आपला निबंध प्रसिद्ध केला. ‘सुरक्षित आणि गुणकारी’ लस तयार करण्याची रीत, असा त्या निबंधाच्या मथळ्याचा आशय होता. लस स्वस्त होती, उष्ण देशात टिकणारी होती, गावोगावच्या दवाखान्यांत पाठविता येण्याजोगी होती. रोग्याने कसौली गाठण्याऐवजी कसौलीच रोग्याकडे आली. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ही ‘सेम्पल लस’ पुढे साऱ्या आशियात आणि आफ्रिकेत पसरली. असंख्य माणसे तिच्यामुळे जगली, हे प्रथम कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

आता थोडा हिशेब करू. लशीत मेंढीच्या मेंदूचे प्रमाण शेकडा 5. मोठ्या माणसाला रोज 5 मिलिलिटर असे चौदा दिवस धरले, तर 70 मिलिलिटर द्रव आणि त्यात साडेतीन ग्रॅम मेंदू पोटाच्या कातडीखाली जाई. विषाणू मेलेला होता हे खरे; पण लशीत विषाणूपेक्षा मेंदूच फार होता.

आणि येथेच ठेच लागली. पाश्चर यांच्या काळापासूनच एक विचित्र गोष्ट अधूनमधून दिसत होती. सुया चालू असता, बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, एखाद्याला ताप येई, डोके दुखे, पाय लुळे पडत, लघवी अडे. कोणी शुद्ध हरपून दगावे, कोणी पूर्ण बरा होई, कोणी कायमचा पांगळा राही. रेम्लिंगर या फ्रेंच वैद्याने विसाव्या शतकाच्या आरंभी अशा हकीकती गोळा केल्या. सेम्पल यांची लस आली तरी हा प्रकार थांबला नाही. त्याचे प्रमाण देशोदेशी फार वेगळे आढळले : कोठे हजारोंत एक, तर थायलंडमधील एका पाहणीत काही शेकड्यांत एक.

दवाखान्यातल्या डॉक्टरची अवस्था डोळ्यांपुढे आणा. दहावी सुई झाली आहे आणि रोग्याचे पाय लुळे पडले आहेत. हा पिसाळीचाच लुळा प्रकार की लशीचा प्रताप? पिसाळ असेल, तर माणूस हातचा गेला. लशीचा प्रताप असेल, तर आणखी एक सुई म्हणजे आगीत तेल. थांबावे की टोचावे? या प्रश्नाचे उत्तर त्याला रोग्याच्या अंथरुणाशी उभे राहून द्यावे लागे, आणि ते चुकल्याचे कळे तेव्हा उशीर झालेला असे.

याचे कारण काय, हे शोधण्याचे काम न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स यांनी हाती घेतले. त्यांनी माकडांना निरोगी सशाचा मेंदू पुनःपुन्हा टोचला. त्यात ना विषाणू, ना कसला जंतू. तरीही काही माकडे लुळी पडली आणि त्यांच्या मेंदूत मज्जातंतूंवरील आवरण झडलेले दिसले. 1933 आणि 1935 सालच्या या प्रयोगांनी एक गोष्ट पक्की झाली : गुन्हेगार विषाणू नव्हता, तर खुद्द मेंदूचा द्रवच शरीराला चेतवीत होता. 1960 साली फिलिप पॅटर्सन यांनी लुळ्या पडलेल्या उंदरांच्या लसिकाग्रंथींतील पेशी निरोगी उंदरांत घातल्या. तेही आजारी पडले. म्हणजे हल्ला करणाऱ्या शरीराच्या स्वतःच्याच राखणदार पेशी होत्या.

असे का व्हावे? आपल्या शहराचाच दाखला घेऊ. हे बावन्न दरवाजांचे शहर. तटाच्या आत राहणाऱ्यांना बाहेरचे पहारेकरी ओळखत नाहीत, अशी कल्पना करा. मेंदूभोवतीही असा तट आहे. पॉल एर्लिख यांनी 1885 सालीच, माइस्टरच्याच वर्षी, प्राण्याच्या रक्तात रंग सोडला तर इतर अवयव रंगतात पण मेंदू कोराच राहतो, असे नोंदविले. त्याचा अर्थ त्यांनी निराळा लावला. तो तट आहे हे त्यांचे शिष्य गोल्डमान यांच्या 1913 च्या प्रयोगांनी स्पष्ट झाले. तेव्हा मेंदूतील पदार्थांची राखणदार पेशींशी नेहमीची उठबस नसते. मेंढीचा मेंदू कातडीखाली आला, की या पेशींना तो परका शत्रू वाटतो. त्याचा चेहरा त्या लक्षात ठेवतात. पण मेंढीच्या आणि माणसाच्या मज्जावरणातील प्रथिने बरीच सारखी. चेतलेल्या पेशी तट ओलांडू शकतात. मग आत शिरून त्या घरच्यांवरच शस्त्र चालवितात. 1987 साली बँकॉकच्या आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यांनी सेम्पल लशीने आजारी पडलेल्या माणसांतच त्या प्रथिनाविरुद्धची प्रतिद्रव्ये दाखवून दिली.

हा तट अभेद्य नाही, हेही हळूहळू कळत गेले. 2015 साली मेंदूच्या वेष्टनात लसिकावाहिन्या आहेत असे व्हर्जिनिया आणि हेलसिंकी येथील संशोधकांनी दाखविले. मेंदू आणि राखणदार यांची बोलाचाल रोजचीच आहे; ती बिघडली की आजार होतो.

त्या लुळ्या माकडांपासून निघालेली वाट पुढे दूरवर गेली. शार्को यांनी 1868 साली वर्णिलेला मल्टिपल स्क्लेरोसिस हा तरुणांना पांगळे करणारा रोग. त्यातही मज्जावरणच झडते. आपल्याकडे तो विरळ समजला जाई. पण मुंबईचे मज्जारोगतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी तो पारशी समाजात लक्षणीय प्रमाणात आढळतो, हे 1990 साली निबंधाद्वारे मांडले. या रोगावर औषधे शोधताना रिव्हर्स यांच्या परंपरेतील प्राणीच उपयोगी पडले. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत मज्जावरणातील प्रथिनाची नक्कल तयार केली ती रोग उत्पन्न व्हावा म्हणून. तिने उलट रोग आवरला. तेच ग्लाटिरॅमर हे औषध 1996 साली अमेरिकेत मान्य झाले. आणि 2025 च्या आरंभी पुण्यात गियां-बारे या विकाराचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले, तेव्हाही सूत्र तेच होते : पोटातील जंतूशी लढता लढता राखणदारांनी मज्जातंतूंवर वार केला. फरक इतकाच की, तेथे मार मेंदूबाहेरच्या तंतूंना बसतो.

आता कडू भाग. मेंदूऐवजी पेशींच्या संवर्धनात विषाणू वाढविण्याची युक्ती फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत कोप्रोव्स्की, विक्टर आणि प्लॉटकिन यांनी 1960 च्या दशकात साधली. 1976 साली इराणमधील अनुभव प्रसिद्ध झाला : पिसाळलेल्या लांडग्या-कुत्र्यांनी चावलेली पंचेचाळीस माणसे या लशीने वाचली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 1980 च्या दशकातच मेंदूची लस बंद करावी असे सुचविले. भारतात ती बंद झाली 2004 च्या अखेरीस. मधल्या दोन दशकांत काय झाले? ज्याच्या खिशात पैसे होते, त्याने औषधाच्या दुकानातून नवी लस आणून दंडात घेतली. ज्याच्याजवळ नव्हते, तो सरकारी दवाखान्यात ओळीत उभा राहून फुकटची जुनी लस पोटात घेत राहिला. लशीचा धोका सर्वांना सारखा वाटून दिलेला नव्हता.

यासाठी कोणा एकाला दोष देणे सोपे आहे, न्याय्य नाही. नवी लस महाग होती, आणि काहीच न देण्यापेक्षा जुनी देणे केव्हाही बरे होते. परंतु महागाईवर उपाय होता. कातडीच्या आत अगदी थोडी मात्रा देण्याची बँकॉकची रीत एकाच कुपीत अनेकांचे काम भागवी. तिला आपल्याकडे 2006 साली मान्यता मिळाली. ज्ञान होते, युक्ती होती. गरिबाच्या दंडापर्यंत पोचायला मात्र वेळ लागला. इतिहासाने याची नोंद ठेवलीच पाहिजे.

सेम्पल यांना मी अपराधी मानत नाही. त्यांच्या हाती जे होते त्यातून त्यांनी लाखोंसाठी आधार उभा केला. आणि जी माणसे त्या लशीने पांगळी झाली, त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. तरी मेंदूच्या रोगांविषयीच्या आजच्या ज्ञानात त्यांचा वाटा मोठा आहे. ते ऋण त्यांनी मागून दिलेले नव्हते, म्हणून आपल्यावर ते अधिक आहे.

ते फेडण्याचा एक साधा मार्ग सांगून थांबतो. चौदा सुया गेल्या. त्यांची भीती मात्र अजून गल्लीबोळांत फिरते, आणि तिच्यापायी माणसे दिवस दवडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2022-23 च्या पाहणीवरून या देशात पिसाळीने वर्षाला साडेपाच हजारांहून अधिक माणसे मरतात, असा अंदाज निघाला आहे. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून जवळजवळ कोणीच वाचत नाही. तेव्हा कुत्रे चावले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आजच्या लशीत मेंदू नाही, आणि ती पोटात नव्हे, दंडावर देतात. घरी गेल्यावर शेजारच्या आजीला एवढे सांगितलेत, तरी माझे व्याख्यान सार्थकी लागले.