तळे राखील तो...

गळ टाकून काठावर स्वस्थ बसणे ही मूळची एकांतातली करमणूक. तिला पैजेचेही रूप येते; अमेरिकेतील बीव्हर सरोवराचेच पाहा. आर्कान्सा राज्यात व्हाइट नदीवर घातलेले हे धरण १९६६ साली पुरे झाले. दुसऱ्याच वर्षी, जून १९६७ मध्ये, अलाबामातील रे स्कॉट नावाच्या विमा-विक्रेत्याने तेथे बास मासा धरण्याची स्पर्धा भरविली. शंभर-शंभर डॉलर भरून १०६ गडी उतरले! १९६८ साली त्याने बास धरणाऱ्यांची संस्थाच काढली.

त्या काळी मासे मरूनच काट्यावर चढत. पाहुण्यांनी बक्षिसे न्यावीत आणि गावकऱ्यांच्या ताटातला मासाही न्यावा, हे काठावरच्यांना कसे रुचावे? ओरड झाली. तेव्हा १९७२ पासून स्कॉटने मासा जिवंत ठेवून परत सोडण्याचा प्रघात पाडला. होड्यांत हवा खेळविलेल्या टाक्या आल्या.

एवढ्याने सारे मिटले मात्र नाही. भर उन्हाळ्यात दमलेले काही मासे सोडल्यावर चार दिवसांत मरतात. पुष्कळसे वजनाच्या घाटाशीच घुटमळतात. विणीच्या दिवसांत घरटे राखणारा नर उचलला, की लहान मासे त्याची अंडी फस्त करतात. दुकानांची, खाणावळींची दिवाळी होते खरी. पण घाट मात्र होड्यांनी अडतो.

तळे राखील तो पाणी चाखील, असे आपण म्हणतो. येथे चाखणारा दोन दिवसांचा, राखणारा बारा महिन्यांचा. तेव्हा स्पर्धेची तिथी ठरविताना त्या राखणाऱ्यालाही विचारावे, हेच न्यायाचे नव्हे काय?