ओली जखम

जखम उघडी ठेवावी, वारा लागू द्यावा, खपली धरली म्हणजे काम झाले, ही समजूत आमच्या अड्याळात काय किंवा पुण्या-मुंबईत काय, घरोघर आहे. तिला मोठा धक्का दिला तो डुकरांनी! १९६२ साली इंग्लंडमधील जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या काही जखमा उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथीनचा पातळ पापुद्रा घातला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर सुमारे दुप्पट वेगाने कातडी आली. नवी कातडी कडेकडेने सरकत येते. खपली कोरडी पडली की बिचारीला तिच्याखालून वाट उकरावी लागते.

खरे तर मधुमेह्याचा व्रण कष्टाने भरतो हे सुश्रुताने केव्हाच सांगितले आहे, आणि व्रणावर मध-तूप लावण्याची रीतही त्याच्याच ग्रंथात आहे. मध-तूप ही काही जखम सुकवण्याची द्रव्ये नव्हेत! १९९१ साली सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १०४ भाजलेल्या रोग्यांपैकी निम्म्यांना मधाची पट्टी, निम्म्यांना चांदीयुक्त मलम लावून पाहिले. मधाच्या जखमा लौकर भरल्या. मुंबईच्या शीव रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांचे केळीच्या पानाच्या पट्टीवरील निबंध २००३ साली प्रसिद्ध झाले. आपले जेवणाचेच पान. जखमेला चिकटत नाही, काढताना रोगी कळवळत नाही.

हायड्रोजेल याच कुळातले. १९६० साली प्रागच्या ऑटो विख्तर्ले व द्राहोस्लाव लीम यांनी पाणी धरून ठेवणारा जेलीसारखा पदार्थ जाहीर केला. त्यातून आधी डोळ्यांची मऊ भिंगे निघाली. जखमेच्या पट्ट्या मागाहून आल्या.

आमच्याकडे रोवणीत दिवसभर पाय बांधीच्या चिखलात. काटा रुतला तर निरोगी माणूस ओरडतो. जुन्या मधुमेह्याच्या तळव्याची जाणीवच गेलेली असते. दुखत नाही म्हणून तो त्याच पायावर चालत राहतो, आणि पाय गमावण्याची पाळी येते. अशा कोरड्या जखमेला हायड्रोजेल ओल पुरवते, मेलेले मांस मऊ करून सुटे करते. पू वाहत असेल तर मात्र तो शोषणारी पट्टी हवी. शिवाय साखर आटोक्यात पाहिजे, त्या पायावर भार नको. रक्तवाहिनीच तुंबलेली असली, तर पट्टीआधी शस्त्रवैद्य गाठावा लागतो.