ऑफ-ग्रिड ऊर्जासंच (घरगुती)

महावितरणची तार न पोचलेल्या, किंवा मुद्दाम न घेतलेल्या घरासाठी जागच्या जागी वीज तयार करून साठवणारी व्यवस्था. छपरावर पॅनेल दिसले म्हणजे घर स्वावलंबी झाले, असे नव्हे. बॅटरीविना बसवलेला ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाइन गेली की सुरक्षेसाठी स्वतःही बंद पडतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदानही ग्रिडला जोडलेल्या संचांसाठीच आहे.

निवडीची सुरुवात दुकानात नव्हे, वहीत होते. ९ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास, ३० वॅटचे दोन बीएलडीसी पंखे दहा तास आणि ६० वॅटचा टीव्ही चार तास चालला, तर दिवसाला साधारण १ युनिट लागते. फ्रिज आला की हा आकडा झपाट्याने चढतो. पाण्याच्या पंपाची मोटर सुरू होताना काही पट जास्त करंट ओढते. इन्व्हर्टर तो झटका सोसणारा हवा.

महाराष्ट्रात १ किलोवॅटचे पॅनेल उघड्या उन्हात रोज सुमारे ४ युनिट देते. विक्रेते सांगतात तो आकडा हाच, आणि तो खोटाही नाही. पण कोकणात, घाटमाथ्यावर आषाढात तो निम्म्याच्याही खाली घसरू शकतो. म्हणून संच मे महिन्यासाठी नव्हे, जुलैसाठी बेतावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर बॅटरीत कागदावर १.८ युनिट मावते. लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरावे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग, पण ८० टक्क्यांपर्यंत उपसता येते.

ज्या पावसात पॅनेल मंदावते, त्याच पावसात सह्याद्रीतला ओहोळ भरून वाहतो. सेकंदाला ५ लिटर पाणी २० मीटर खाली टर्बाइनवर आणले आणि निम्मी शक्ती वाया गेली, तरी जवळपास ५०० वॅट रात्रंदिवस मिळतात, म्हणजे दिवसाला १२ युनिटच्या आसपास! होळीनंतर मात्र अनेक ओहोळ आटतात. पवनचक्कीचे गणित त्याहून कडक: वाऱ्याचा वेग निम्मा झाला की शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. झाडांनी वेढलेल्या घरावर ती शोभेपुरतीच.

स्वयंपाकाचा भार विजेवर टाकू नये. गोठ्यात चार-पाच जनावरे असतील, तर २ घनमीटरचा गोबरगॅस तो उचलतो.

वाडीतली घरे लागून असतील, तर सामाईक संच हाही पर्याय असतो. जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत २०१२ मध्ये ग्राम ऊर्जा संस्थेने असा ९.४ किलोवॅटचा सौरसंच उभारला. तिथे घरोघरी मीटर बसवले.