आभाराच्या फाइलची कुळकथा

लिनक्सवर ‘कॅट’ या आज्ञेला तिची आवृत्ती विचारली, की आकड्याखाली बहुधा दोन नावं उमटतात: टॉर्ब्यॉर्न ग्रानलुंड आणि रिचर्ड स्टॉलमन. फायली जोडून पडद्यावर दाखवणारा हा छोटासा प्रोग्राम आपले कर्ते सांगतो. ही रीत मात्र ‘कॅट’च्या या आवृत्तीहून जुनी आहे.

बेल लॅब्जमध्ये 1971 साली युनिक्स या संगणकप्रणालीची पहिली माहितीपुस्तिका निघाली. तिच्यात आज्ञांच्या नोंदींखाली ‘मालक’ असा रकाना होता आणि त्यात ‘केन’, ‘डीएमआर’ अशी टोपणनावं असत. केन म्हणजे केन थॉम्पसन, डीएमआर म्हणजे डेनिस रिची. अडलं तर कोणाला विचारायचं, हे त्यावरून कळे. शेवटचा बदल करील तो मालक, असा नियम होता. म्हणजे त्या नावामागे मानापेक्षा जबाबदारी होती.

स्टॉलमन यांनी 1984 मध्ये ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं काम सुरू केलं, तेव्हा नावाला कायद्याचं वजन आलं. कोणता भाग कोणी लिहिला, याची चोख नोंद हवी. एरवी कॉपीराइटच्या वादात मुक्त परवाना टिकायचा कसा? त्यातून ‘ऑथर्स’ ही फाइल आली. पण सुमारे 15 ओळींहून लहान दुरुस्ती ग्नूच्या लेखी कायद्याच्या हिशेबात येत नाही, आणि चूक शोधून कळवणाऱ्याने तर एकही ओळ लिहिलेली नसते. अशा लोकांना जागा दिली ‘थँक्स’ या दुसऱ्या फाइलने. ‘कॅट’, ‘एलएस’, ‘सॉर्ट’ या आज्ञा ज्यात आहेत, त्या ग्नू कोअरयूटिल्सच्या ‘थँक्स’मध्ये दोष कळवणारे, माहितीपुस्तिका सुधारणारे आणि अख्खे प्रोग्राम लिहिणारे एकाच यादीत बसतात. थोरला-धाकटा असा क्रम तिथे नाही.

2005 मध्ये गिट हे प्रोग्राममधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन आलं. प्रत्येक बदलाबरोबर तो लिहिणाऱ्याचं नाव आपोआप नोंदलं जाऊ लागलं, आणि कोअरयूटिल्सची यादीही पुढे त्या नोंदींवरून तयार होऊ लागली. पण ज्याने फक्त दोष दाखवला, त्याचं नाव लेखकाच्या रकान्यात येत नाही. म्हणून कोअरयूटिल्सने हाताने लिहायची यादी मोडीत काढली नाही. गिटमधली नावं आणि ही नावं एकत्र करूनच ‘थँक्स’ पुरी होते. मला ही पद्धत मोलाची वाटते. ओळी कोणी लिहिल्या हे यंत्र चोख सांगतं, पण चूक कोणी दाखवली हे आठवणीने लिहून ठेवणं प्रकल्प सांभाळणाऱ्या माणसाचंच काम आहे.