अमेरिकेतील राखीव सैनिकांच्या नागरी वेतनाचा प्रश्न (१९४०–२०२५)

नागरी नोकरी करणारा, परंतु बोलावणे येताच गणवेश चढविणारा राखीव सैनिक हा अमेरिकेच्या संरक्षणव्यवस्थेचा जुना घटक आहे. सक्रिय सेवेवर गेलेल्या अशा सैनिकाची जागा राखून ठेवण्याचा प्रश्न कायद्याने आधी सोडविला. मधल्या काळातील वेतनाचा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनुत्तरित राहिला.

ऑगस्ट १९४० मध्ये नॅशनल गार्ड व राखीव दलांना पाचारण करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना देतानाच अमेरिकी काँग्रेसने परतणाऱ्यांना पूर्वीच्या नोकरीचा हक्क दिला. सप्टेंबरमधील सक्तीच्या लष्करभरतीच्या कायद्यातही तशीच तरतूद आली. तिचा अर्थ १९४६ च्या फिशगोल्ड खटल्यात स्पष्ट झाला. न्या. विल्यम डग्लस यांनी नोकरीतील ज्येष्ठतेला सरकत्या जिन्याची उपमा दिली. सैनिक जेथे उतरला तेथे नव्हे, तर खंड पडला नसता तर जेथे पोहोचला असता तेथे तो पुन्हा चढतो, असा तिचा आशय होता. पुढील सर्व कायदे या उपमेवर उभे राहिले. फिर्यादी वेल्डर मात्र खटला हरला. कामगारकपातीत स्वतःहून ज्येष्ठ असलेल्या बिगरसैनिकांना मागे सारण्याचा हक्क त्याला नव्हता.

१९८१ मध्ये मन्रो विरुद्ध स्टँडर्ड ऑईल खटल्यात, लष्करी प्रशिक्षणामुळे बुडालेले कामाचे तास भरून देण्यास मालक बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला. १९९४ च्या व्यापक कायद्यानेही खासगी मालकावर सेवाकाळातील वेतनाची सरसकट सक्ती केली नाही.

२००१ नंतर पाचारणांची संख्या वाढली. ज्यांचे लष्करी वेतन नागरी वेतनाहून कमी होते, त्यांच्या घरखर्चाची तोंडमिळवणी अवघड झाली. अखेर २००९ मध्ये काँग्रेसने संघराज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना वेतनातील फरक देण्याची तरतूद केली. ही सेवा राष्ट्रीय आणीबाणीच्या काळातील असावी, अशी अट होती. या ‘काळातील’ शब्दावरच पुढे वाद उभा राहिला. सेवा त्या आणीबाणीशी संबंधित असलीच पाहिजे, अशी शासनाची भूमिका होती. तटरक्षक दलात २०१२ ते २०१७ या काळात सेवा बजावलेल्या एका हवाई वाहतूक नियंत्रकाच्या फेलिसियानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी ती फेटाळली. कालावधी जुळणे पुरेसे आहे, असे न्या. नील गोर्सच यांनी बहुमताच्या निकालात म्हटले. येथेही मते पाच विरुद्ध चार अशीच पडली. सप्टेंबर २००१ ची आणीबाणी वर्षानुवर्षे नूतनीकृत होत आल्याने या निकालाची व्याप्ती मोठी ठरते. खासगी आस्थापनांतील राखीव सैनिकांना मात्र तो लागू नाही.